भाताचं 'सुधारित वाण' म्हणजे नेमकं काय सुधारलं?

लोंबी

गेले काही दिवस भातावरच्या संशोधनाबद्दल हाताला लागेल ते वाचतेय आणि डोक्यात इतका गुंता झालाय की म्हटलं इथेच धागा काढावा, जाणकार येतीलच. प्रश्न तसा साधा आहे. 'सुधारित वाण' म्हटलं की आपल्याला 'जास्त उत्पन्न' एवढंच ऐकू येतं, पण जितकं वाचतेय तितकं असं वाटायला लागलंय की उत्पन्न हा त्यातला एकच भाग आहे आणि कदाचित सगळ्यात सोपा.

मला समजलं ते लिहिते, चुकलं तर कान धरा. १९६० मध्ये फिलिपिन्समधल्या लॉस बान्योसला आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था, म्हणजे इरी, सुरू झाली. तेव्हा उष्ण प्रदेशातली बहुतेक भातं उंच होती. त्यांना नत्र दिलं की ती अजूनच उंच व्हायची आणि नेमकं दाणा भरायच्या वेळी लोळायची, म्हणजे खत घालून उत्पन्न वाढायचं सोडून हातचंच जायचं. १९६२ मध्ये इरीचे पैदासकार पीटर जेनिंग्ज यांनी तैवानचं बुटकं डी-जिओ-वू-जेन आणि इंडोनेशियाचं उंच पेटा यांचा संकर केला. संकरांच्या यादीतला तो आठवा. पुढे हेन्री बीचेल यांनी त्याच्या पिढ्यांमधून निवड केली आणि २८८ व्या ओळीतलं तिसरं झाड १९६६ मध्ये आयआर८ या नावाने बाहेर पडलं. जुनी भातं १६०-१७० दिवस घ्यायची, हे १३० दिवसांत तयार. ताट आखूड आणि ताठ, फुटवे भरपूर, आणि झाडाच्या एकूण वजनातला जवळजवळ निम्मा भाग दाणा. जुन्यांत तो तिसरा हिस्सा असायचा, बाकी पेंढाच.

यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट म्हणजे हा बुटकेपणा काही नवीन मिळाल्याने नाही आला, एक गोष्ट बिघडल्याने आला! जिबरेलिन नावाचं वाढीचं संप्रेरक तयार करणारं एक एन्झाइम या झाडात नीट बनत नाही, म्हणून ताट वाढत नाही. आणि ते नेमकं कुठलं जनुक हे समजायला २००२ उजाडलं. म्हणजे छत्तीस वर्षं अर्ध्या जगाने बुटकं भात लावलं, कापलं, खाल्लं आणि ते बुटकं का आहे याचं नेमकं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

तर माझा प्रश्न. हे एवढं झालं १९६६ ला. मग त्यानंतरची साठ वर्षं हे लोक करतायत काय? उत्पन्न तर वाढलं होतं ना?

शंकेखोर

धागा छान, पण आयआर८ ची आरती करण्याआधी दुसरी बाजूही लिहा की. दाणा जाड आणि खडूसारखा पांढरा, भरडताना तुकडा व्हायचा, आणि शिजवलेला भात गार झाला की कडक. रोगकिडींना तर आमंत्रणच. 'चमत्कारी भात' हे नाव वर्तमानपत्रांना शोभतं, ज्याला रोज ते खायचं होतं त्याला विचारा.

हळवी

+१, पण कडक का व्हायचं? तांदूळ तो तांदूळ ना?

जनुकवाला

शंकेखोर यांचे मुद्दे बरोबर आहेत. हळवी, स्टार्चमध्ये दोन घटक असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असलं की भात मोकळा होतो पण गार झाल्यावर कडक. आयआर८ मध्ये ते जास्तच होतं. चिकट भातात ते जवळजवळ नसतंच.

आता लोंबी यांचा प्रश्न, साठ वर्षं काय केलं. (मी या क्षेत्रात प्रयोगशाळेत काही वर्षं काढलीत, त्यामुळे पोस्ट लांबणार, आधीच माफी.)

आयआर८ आलं आणि लोकांनी मैलोन्‌मैल एकच वाण लावलं, वर्षातून दोनदा तीनदा, भरपूर युरिया घालून. तपकिरी तुडतुड्यांना (भाताचा रस शोषणारी कीड) अजून काय पाहिजे. म्हणून १९७३ मध्ये आयआर२६ आलं, त्यात तुडतुड्यांना प्रतिकार करणारं एक जनुक होतं. दोन-तीन वर्षांत तुडतुड्यांची अशी पिढी वर आली जिला त्या जनुकाचं काही वाटेना. मग १९७६ ला आयआर३६, गुरुदेव खुश यांच्या टीमचं. त्यात वेगळं जनुक, शिवाय ग्रासी स्टंट नावाच्या विषाणूजन्य रोगाला प्रतिकार. तो कुठून आला माहितेय? सहा हजारांवर वाणं आणि रानटी भातं तपासली, आणि उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ओरायझा निवारा या रानटी भाताच्या एका, फक्त एका नमुन्यात तो सापडला. रानटी भात म्हणजे जे पिकत असताना दाणा गाळून टाकतं, शेतात दिसलं तर आपण तण म्हणून उपटतो ते. आयआर३६ ऐंशीच्या दशकात साधारण १ कोटी १० लाख हेक्टरवर होतं, तोवर कुठल्याच पिकाचं एक वाण एवढ्या जमिनीवर लागलं नव्हतं. १९८५ ला आयआर६४ आलं, ते खायलाही चांगलं, म्हणून टिकलं.

हे ऐकायला प्रगतीचा चढता आलेख वाटतो. पण आता हे बघा. इरीतल्या लोकांनी पुढे कधीतरी आयआर८ पुन्हा लावून बघितलं. साठच्या दशकात त्याच आवारात ते हेक्टरी ९ ते १० टन द्यायचं. आता सगळं नीट करून ७ टनांच्या आसपास. शंका आली की बियाणं बिघडलं असेल, म्हणून जनुकपेढीत ठेवलेलं जुनं बियाणं काढून शेजारी लावलं. दोन्ही सारखंच. म्हणजे वाण तेच आहे, भोवतालचं जग बदललंय. रोगकिडी बदलल्या, रात्री गरम झाल्या. नवीन वाणं त्याच शेतात ९-१० टन देत होती. लोंबी, साठ वर्षांत काय केलं याचं हे उत्तर आहे. बराचसा वेळ वर चढण्यात गेला नाही, घसरू न देण्यात गेला. आमच्यात याला देखभाल पैदास म्हणतात. या कामाला कुणी बक्षीस देत नाही, बातमीही होत नाही, कारण दाखवायला काहीच नसतं, उत्पन्न गेल्या वर्षीएवढंच असतं.

लोंबी

बाप रे. हे डोक्यात नव्हतंच. म्हणजे एकाच जागी उभं राहायला पळत राहायचं.

रात्री गरम झाल्याने काय होतं पण? ऊन तर दिवसा असतं.

जनुकवाला

दिवसा झाड साखर बनवतं आणि रात्री श्वसनात जाळतं. रात्र गरम तर जाळणं जास्त, दाण्यात जायला कमी उरतं, हे एक ढोबळ कारण. २००४ मध्ये इरीच्याच शेतावरच्या नोंदींवरून निघालं होतं की कोरड्या हंगामात किमान तापमान एक अंशाने वाढलं की उत्पन्न साधारण १० टक्के घटतं. दिवसाच्या उष्णतेचा त्रास वेगळाच आहे. फुलोऱ्यात असताना तासभर जरी ३५ च्या वर गेलं तरी परागकण वाया जातात आणि लोंबी बाहेरून छान दिसते पण हातात घेतली की पळंज, म्हणजे आत दाणाच नाही. (तुमच्या आयडीबद्दल नाही बोलत 😄) त्यावर एक भारी युक्ती चालू आहे, भाताचं फूल सकाळी उशिरा उमलतं, तर रानटी ओरायझा ऑफिसिनॅलिसमधून भल्या पहाटेच उमलायची सवय आणायची. उन्हाशी लढायचंच नाही, ते यायच्या आत काम उरकायचं.

बांधावरचा

वाचतोय. आम्ही भात लावणारे लोक, जनुकं वगैरे आपल्याला कळत नाय पण एक सांगतो, वाण बदलायला लावणं सोपं नसतं. जे वाण आपल्या जमिनीत चालतं, गिरणीवाला घेतो, पेंढा जनावर खातं, ते सोडून कुणी नव्या पिशवीच्या मागे जात नाही. नवीन वाण दोन टक्के जास्त देतं म्हणून आमचं गणित बदलत नाही, पहिल्याच वर्षी फसलं तर ते वर्ष कोण भरून देणार.

जनुकवाला

बांधावरचा, तुम्ही जे लिहिलंत ते पैदासकारांना कळायला फार वर्षं लागली. आणि ते कळल्यावर जे झालं ते माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात देखणं काम आहे. सब१.

हळवी

सब१ म्हणजे ते पाण्याखाली जगणारं भात ना? पण भात तर पाण्यातच असतं, मग बुडून मरतं कसं काय? हा बावळट प्रश्न असेल तर असू द्या.

जनुकवाला

अजिबात बावळट नाही, उलट नेमका हाच प्रश्न. भाताची मुळं पाण्याखाली असली तरी पानं हवेत असतात आणि आतल्या पोकळ ऊतींतून हवा मुळांपर्यंत पोचते, स्वतःचा पाइपच असतो म्हणा. पूर येऊन सगळं झाडच बुडालं की पाइपचं वरचं तोंडही बंद. मग साधं भात घाबरून (घाबरून म्हणजे आपल्या भाषेत) उंच व्हायला लागतं, पाण्याच्या वर डोकं काढायला. साठवलेली सगळी साखर त्यात घालवतं. पाणी आठवड्या-दोन आठवड्यांनी ओसरतं तेव्हा झाड लांबट, पिवळं आणि कफल्लक झालेलं असतं, आडवं पडतं आणि मरतं.

ओडिशातल्या पारंपरिक भातातून निवडलेलं एफआर१३ए नावाचं एक वाण आहे, ते बुडालं की गप्प बसतं. वाढच थांबवतं, साखर राखून ठेवतं, आणि पाणी उतरलं की नव्याने फुटवे काढतं. दोन आठवडे पूर्ण बुडून राहू शकतं. हे गुण जुन्या लोकांना माहीत होते, सत्तरच्या दशकापासून संकरही झाले. पण एफआर१३ए चा दाणा आणि उत्पन्न यथातथाच, त्यामुळे संकरातून जे आलं ते पुरात जगायचं खरं, पण कुणाला नको असायचं. बांधावरचा म्हणतात तेच.

मग डेव्हिड मॅकिल, केनाँग शू, पामेला रोनाल्ड वगैरे मंडळींनी हा गुण नवव्या गुणसूत्रावरच्या एका जागेपर्यंत आणून ठेवला आणि २००६ मध्ये जनुकच दाखवलं, सब१ए. आता खरी हुशारी पुढे आहे. त्यांनी नवीन वाण काढलंच नाही. स्वर्णा हे १९८२ पासून शेतकऱ्यांनी उचलून धरलेलं वाण घेतलं, त्यात संकराने हे जनुक आणलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या परत स्वर्णाशीच संकर करत गेले. प्रत्येक पिढीत रोप लहान असतानाच डीएनए तपासून फक्त सब१ असलेली आणि बाकी जास्तीत जास्त स्वर्णा असलेली रोपं ठेवली. शेवटी जे हातात आलं ते स्वर्णाच, फक्त बुडल्यावर गप्प बसायला शिकलेलं. २००९ ला भारतात स्वर्णा-सब१ प्रसारित झालं. यात बाहेरचं जनुक नाही, भातातलंच भातात, त्यामुळे जीएमचा (प्रयोगशाळेत जनुक घालून बदललेल्या पिकांचा) वाद आलाच नाही.

शंकेखोर

फक्त एवढाच फरक आणि बाकी सगळं तेच? इतकं स्वच्छ काम निसर्गात होत नसतं.

जनुकवाला

बघा, शंकेखोर नाव सार्थ केलंत 😄 एक फरक आला. स्वर्णाचं तूस सोनेरी-तपकिरी असतं, नावच त्यावरून. सब१ च्या अगदी शेजारी तुसाचा तो रंग दाबणारं एक जनुक आहे, ते बरोबर आलं, म्हणून स्वर्णा-सब१ ची साळ पेंढ्याच्या रंगाची दिसते. आतला तांदूळ तोच.

चिखल

सब१ बद्दल एक भर घालतो कारण मला यातली शेतापलीकडची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. ओडिशात शेतकऱ्यांच्या शेतावरच तुलना झाली होती, १० दिवस बुडालेल्या शेतात स्वर्णा-सब१ ने साध्या स्वर्णापेक्षा साधारण ४५ टक्के जास्त दिलं, आणि पूर नाही आला तर तोटा काही नाही. पण त्या अभ्यासात हेही पुढे आलं की खोलगट, बुडणारी जमीन जास्त करून कुणाकडे आहे, तर अनुसूचित जातींच्या कुटुंबांकडे. चांगली उंचावरची जमीन पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या ताब्यात. म्हणजे जनुकाला जात कळत नाही पण जमीन कुणाच्या वाट्याला कुठली आलीय यावर फायदा कुणाला होणार ते ठरलं. आणि नंतर आणखी एक निघालं, की पुराची भीती कमी झाली तसे हेच शेतकरी खत जास्त घालायला, लावणीची चांगली पद्धत धरायला, जास्त क्षेत्र लावायला लागले. पुरात वाचलेलं पीक हा एक फायदा, आणि पूर न आलेल्या वर्षी भीती नसल्यामुळे होणारा फायदा वेगळा. दुसरा कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतो.

लोंबी

चिखल, ही पोस्ट जपून ठेवतेय.

गरवा

अवांतर: पाण्याबरोबर उंच होत जाणारं भात पण असतं ना? बांगलादेश, थायलंडकडे? मग ते मूर्ख कसं नाही?

जनुकवाला

अवांतर नाही! तिथे पाणी महिनोन्‌महिने उतरतच नाही, त्यामुळे गप्प बसलं तर मेलंच. त्या खोल पाण्यातल्या भातात स्नॉर्केल१ आणि स्नॉर्केल२ अशी जनुकं आहेत (२००९, जपानी गट), दिवसाला २०-२५ सेंमीपर्यंत ताट वाढतं. बुडालं की दोन्हीकडे झाडातलं इथिलीन हे वायुरूप संप्रेरकच साचतं, पण एका भाताला ते सांगतं थांब, दुसऱ्याला सांगतं पळ. कुठलं बरोबर हे पूर किती दिवस राहतो यावर.

शंकेखोर

वाण वाण खूप झालं. धाग्यात शाश्वत शेतीवर अजून कुणी बोललंच नाही. भात म्हणजे पाण्याची उधळपट्टी आणि मिथेन, हे सरळ सांगा ना.

चिखल

माझाच विषय, सांगतो. खाचरात पाणी उभं केलं की मातीत ऑक्सिजन संपतो. मग सेंद्रिय पदार्थ कुजवायचं काम असे जीव करतात ज्यांना ऑक्सिजन चालतच नाही, आणि त्यांच्यातून मिथेन निघतो. वर जनुकवाल्यांनी सांगितलेला तोच पाइप, ज्यातून हवा खाली जाते, त्यातूनच मिथेन वर येतो. खाचरातला बहुतेक मिथेन बुडबुड्यांतून नाही, भाताच्या झाडातूनच बाहेर पडतो. माणसामुळे होणाऱ्या एकूण मिथेनच्या साधारण ८ ते १० टक्के भातातून येतो. आणि शंभर वर्षांचा हिशोब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २५-३० पट तापवतो.

पाण्याचं म्हणाल तर एक किलो साळीमागे शेतात सरासरी २,५०० लिटर लागतं असा अंदाज आहे, पाऊस धरून. पण त्यातलं बरंचसं पाझरून खाली जातं, झाड पितं ते कमीच. भाताला पाणी 'आवडतं' असं नाही, त्याला ते सोसतं. तणांना सोसत नाही. खाचर भरायचं मोठं कारण तण आहे.

उपाय म्हणून आळीपाळीने भिजवणं-सुकवणं ही पद्धत आहे. शेतात भोकं पाडलेली नळी रोवायची, त्यात पाणी किती खाली गेलं ते बघायचं, १५ सेंमी खाली गेलं की पुन्हा भरायचं. मुळं तेवढ्या खालचं पाणी घेतात, त्यामुळे उत्पन्न घटत नाही. पाणी ३० टक्क्यांपर्यंत वाचतं आणि मिथेन जवळपास निम्मा होऊ शकतो, कारण मधेच हवा लागली की त्या जिवांचा डाव मोडतो. तोटा हा की नत्राचं व्यवस्थापन गचाळ असेल तर नायट्रस ऑक्साइड, म्हणजे आणखी एक तापवणारा वायू, वाढतो. आर्सेनिक असलेल्या भागात दाण्यातलं आर्सेनिक कमी होतं पण माती सुकवली की कॅडमियम हा विषारी धातू वर यायला लागतो. एक धरलं की दुसरं सुटतं, मातीचं असंच आहे.

बांधावरचा

नळीचा प्रयोग मी केलाय म्हणून सांगतो. चालतं, खरंच चालतं. पण दोन गोष्टी कागदावर नसतात. एक म्हणजे स्वतःचा पंप असला तर तुमच्या मर्जीने पाणी भरता येतं, कालव्याचं पाणी पाळीने येतं, नळीत पाणी १५ सेंमी गेलं म्हणून कालवा सोडत नाही कुणी, तेव्हा माणूस मिळेल तेव्हा मिळेल तेवढं भरून ठेवतो. आणि जिथं पाण्याची पट्टी एकराप्रमाणे आहे तिथं वाचवलेल्या पाण्याचा मला उपयोग काय? फायदा खालच्या शेजाऱ्याला, मेहनत माझी. दुसरं तण. लावणीनंतर पहिले दोन-तीन आठवडे मी पाणी उभंच ठेवतो, तण दबलं की मग नळीकडे बघायचं.

चिखल

शंभर टक्के. ज्या ठिकाणी शेतकरी डिझेल जाळून पाणी उपसतो तिथे ही पद्धत पटकन पचते, कारण वाचलेलं पाणी म्हणजे वाचलेलं डिझेल. तंत्र तेच.

हळवी

मग लावणीच न करता थेट पेरलं तर? चिखलणी नको, आवण (लावणीची रोपं) नको.

बांधावरचा

पेरतात की. मजुरी वाचते. पण तणाला आणि भाताला एकाच दिवशी सुरुवात मिळते. लावणीत भात तीन-चार आठवडे पुढे असतं, तोच तर सगळा खेळ.

जनुकवाला

आणि त्यासाठी वाणं वेगळी लागतात, जी खोलवर पेरली तरी वर येतात, लवकर जमीन झाकतात, पाण्याखालीही उगवतात. सगळी हरित क्रांतीची वाणं लावणीच्या भरल्या खाचरासाठी निवडलेली आहेत, ती कोरड्यात पेरली की लोहाच्या कमतरतेने पिवळी पडतात. म्हणजे पद्धत आणि वाण एकत्रच बदलावं लागतं.

गरवा

कीटकनाशकांवर कुणी बोला. तुडतुड्यांवर फवारलं असतं तर वाणं बदलायची गरजच काय होती?

जनुकवाला

फवारलं ना, तेच तर झालं! इंडोनेशियात फवारणीला सरकारी अनुदान होतं, तरी तुडतुडे येतच राहिले. पीटर केनमोर वगैरे कीटकशास्त्रज्ञांनी दाखवलं की फवारणीने तुडतुडे मरतात पण त्यांना खाणारे कोळी आणि शेतातले शिकारी ढेकूण आधी मरतात, आणि तुडतुड्यांची अंडी पानाच्या आत सुरक्षित असतात. आठवड्याने पिल्लं बाहेर येतात तर शेत रिकामं, खाणारं कुणी नाही. जास्त फवारणी म्हणजे जास्त तुडतुडे. १९८६ ला इंडोनेशियाने भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली आणि पुढे अनुदानही काढलं. भाताचं उत्पादन त्यामुळे कोसळलं नाही.

चिखल

याच ओळीतलं युनानचं उदाहरण. चीनच्या युनान प्रांतात चिकट भात करप्याला (बुरशीमुळे होणारा रोग) बळी पडायचं. शेतकऱ्यांनी संकरित भाताच्या ओळींमध्ये मधे मधे चिकट भाताची ओळ लावली. २००० मध्ये जे आकडे छापून आले त्यात चिकट भातावरचा करपा ९४ टक्के कमी, आणि दुसरं वर्ष संपेपर्यंत बुरशीनाशकाची फवारणीच बंद. नवीन जनुक नाही, नवीन औषध नाही, फक्त कुणाच्या शेजारी कोण. मला विचाराल तर शाश्वत हा शब्द इथे शोभतो.

शंकेखोर

हे पटलं. आता तुमचा तो गोल्डन राइस काढा बाहेर, मी वाटच बघतोय.

संपादक

गोल्डन राइसवर वेगळा धागा काढावा ही विनंती, मागच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल.

जनुकवाला

संपादकांचा मान राखून दोनच ओळी: गोल्डन राइस म्हणजे दाण्यात अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल बनवणारं जीएम भात. २००० मध्ये पोट्रिकस आणि बायर यांनी प्रसिद्ध केलं, फिलिपिन्सने २०२१ ला लागवडीला परवानगी दिली, २०२४ ला तिथल्या अपील न्यायालयाने ती रद्द केली. चोवीस वर्षं. स्वर्णा-सब१ ला जनुक सापडल्यापासून शेतात जायला तीन. बाकी त्या धाग्यावर भांडू.

गरवा

एकदा लावलं की चार वर्षं कापत राहायचं असं भात निघालंय म्हणे? फॉरवर्ड असावं म्हणून दुर्लक्ष केलं होतं.

जनुकवाला

फॉरवर्ड नाही, खरं आहे. युनान विद्यापीठाच्या हू फेंगयी यांच्या गटाचं पीआर२३. आफ्रिकेतलं बहुवर्षायू रानटी भात ओरायझा लाँजिस्टॅमिनाटा, जे जमिनीखालच्या खोडांनी पसरतं, त्याचा लागवडीच्या भाताशी संकर. २०१८ ला चीनमध्ये प्रसारित झालं, २०२२ च्या निबंधात चार वर्षांत आठ पिकं आणि सरासरी हेक्टरी ६.८ टन असं आलंय, पाचव्या वर्षी मात्र उत्पन्न घटतं. नांगरट आणि लावणी वाचते हा मोठा फायदा. पण शेत कधीच रिकामं होत नाही म्हणजे रोगकिडींनाही कायमचं घर. आणि कडाक्याची थंडी किंवा पाणी तुटणारा उन्हाळा असेल तिथे खोडवा (कापलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक) टिकणं अवघड.

बांधावरचा

ऊस पण खोडवा घेतो आपण, भात घ्यायला काय हरकत आहे. उंदरांचं काय ते मात्र विचारा त्यांना.

लोंबी

मी धागा काढला तेव्हा 'जास्त उत्पन्न' एवढंच डोक्यात होतं. आता यादी बघा: बुटकं कर, मग तुडतुडे सांभाळ, मग खायला बरं कर, मग पुरात गप्प बसव, पहाटे उमलव, कोरड्यात उगवून दाखव. आणि यातलं अर्धं सामान कुणीतरी कधीतरी गोळा करून ठेवलेल्या रानटी नाहीतर 'निकृष्ट' म्हणून सोडलेल्या भातांतून आलंय. ती एक निवाराची पिशवी कुणी टाकून दिली असती तर?

जनुकवाला

इरीच्या पेढीत असे १ लाख ३० हजारांवर नमुने आहेत, शून्याखाली १८-२० अंशांवर. त्यातल्या ३,००० च्या आसपास भातांचा पूर्ण जनुकसंच २०१४ मध्ये वाचून सगळ्यांसाठी खुला केला. पण वाचणं वेगळं आणि शेतात लावून बघणं वेगळं. त्या सहा हजारांत निवारा सापडला तो रोपांवर एकेक करून विषाणू सोडून, कुठलं मरत नाही ते बघून. संगणकाने ते काम अजून पूर्ण घेतलेलं नाही.

शंकेखोर

बरं झालं थोडं तरी माणसांना ठेवलं. धागा आवडला, कबूल करतो.

हळवी

बांधावरचा काका, नळीचं नीट सांगा ना, माझ्या भावाला करून बघायचंय. केवढी, कुठे, कशी?

बांधावरचा

साधा प्लास्टिकचा पाइप, फूटभर लांब, हात जाईल एवढा रुंद. खालच्या अर्ध्या भागाला सगळीकडून भोकं पाडायची. बांधापासून थोडी आत पण चालत जाता येईल अशी जागा, आणि शेताची पातळी सरासरी असेल तिथं, खड्ड्यात नको, उंचवट्यावर नको. भोकं असलेला भाग जमिनीत जाईल इतकी ठोकायची आणि मग आतला चिखल हाताने काढून टाकायचा, तळ दिसला पाहिजे. हे विसरतात आणि मग म्हणतात नळीत पाणीच दिसत नाही. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एका पातळीत आलं की झालं. फुलोऱ्याच्या आधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा मात्र नळी विसरायची, तेव्हा शेतात बोटभर पाणी उभं पाहिजेच. आणि भावाला सांग वरचं तोंड झाकून ठेव, बेडूक पडतात.